अठरा पायऱ्या

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘व्यवसायाबाहेरचा एखादा उद्योग’ या विषयावर मी चार पाने लिहावीत असे सुचविले, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. आपल्या मंडळातील कोणी गातात, कोणी व्हायोलिन वाजवितात, कोणी दरवर्षी हिमालयात जातात, एक ज्येष्ठ स्नेही तर निवृत्तीनंतर मोडी दफ्तरे वाचतात. माझ्यापाशी दाखविण्याजोगी एकच वस्तू आहे आणि ती जिन्याखाली मेणकापडाने झाकून ठेवलेली असते. तीन-तीन चाकांचे दोन तारे, एक विजेची मोटार, दोन बॅटऱ्या आणि चौकोनी पाइपांचा सांगाडा, असे तिचे एकंदर रूप आहे. ही ट्रॉली ६८ किलोंचा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन जिना चढते. तिला माझा छंद म्हणावे अशी संपादकांची इच्छा दिसली. परंतु तिचा जन्म हौसेतून झालेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचे शुश्रूषागृह बडोद्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्यात आहे. तळमजल्यावर बाह्यरुग्ण विभाग, लहानशी प्रयोगशाळा आणि गंभीर रुग्णांसाठी २ खाटा. वरच्या मजल्यावर ८ खाटांचा कक्ष. या दोहोंच्या मध्ये १८ दगडी पायऱ्या. ९ पायऱ्यांनंतर एक वळण, पुन्हा ९. प्रत्येक पायरी २० सेंटिमीटर उंच आणि २४ सेंटिमीटर रुंद. ज्या काळी हा जिना बांधला त्या काळी त्यावरून रुग्ण आणि यंत्रसामग्री जाईल असे कोणाच्या मनातही आले नसेल. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सार्वजनिक इमारतीत पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच आणि ३० सेंटिमीटरपेक्षा अरुंद असू नये. त्या मापाच्या जिन्याचा चढ सुमारे २७ अंशांचा होतो, आमचा भरतो ४० अंशांचा. लिफ्टचा विचार आम्ही दोनदा केला. वाड्याची मालकी सामायिक आणि भिंती विटा-चुन्याच्या. अभियंत्यांनी तुळयांवर बोटे वाजवून पाहिली आणि दोन्ही वेळा चहा घेऊन ते निघून गेले.

मराठी डॉक्टरांच्या दवाखान्यात वॉर्डबॉयला ‘मामा’ आणि आयाबाईंना ‘मावशी’ म्हणण्याची रीत आहे. ती बडोद्यातही आहे. आमचे मामा २३ वर्षांपासून आमच्याकडे आहेत. सिलिंडर वर नेणे हे त्यांचे काम आहे असे कोणी कधी ठरविले नव्हते. ते नेत असत, एवढेच. एरवी आठवड्यात तीन-चार मोठे सिलिंडर लागत. मामा आणि हाताखालचा मुलगा एकेक पायरी ‘हं’ म्हणत ते वर नेत, आणि मी खाली रुग्ण तपासता तपासता ते १८ हुंकार ऐकत असे. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की त्याचा काही अर्थ असेल असे वाटलेच नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये आपल्या सर्वांवर जो प्रसंग आला त्याचे वर्णन येथे नको. फक्त हिशेब मांडतो. वरच्या कक्षात एके काळी ५ रुग्ण मिनिटाला प्रत्येकी १० लिटर ऑक्सिजन घेत होते, म्हणजे एकूण ५० लिटर. ज्याला आपण ‘जम्बो’ म्हणतो त्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. तो १४० मिनिटांत संपतो. दिवसाचे २४ तास, म्हणजे १० सिलिंडर वर आणि १० रिकामे खाली. भरलेला सिलिंडर आमच्या काट्यावर ६८ किलो भरला आणि रिकामा साडेअठ्ठावन्न. ऑक्सिजनलाही वजन असते आणि ते एका सिलिंडरमागे साडेनऊ किलोंच्या आसपास जाते, हे इतक्या वर्षांत मी प्रथमच काट्यावर पाहिले. बाकी सगळे पोलाद. रोज वर-खाली मिळून सव्वा टन वजन त्या जिन्यावरून जात होते, आणि तेही दोन माणसांच्या हातांनी. असे १९ दिवस चालले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मामा सातव्या पायरीवर बसले. सिलिंडर त्यांनी सोडला नाही, मांडीवर घेतला. मी वरून धावत आलो तर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, काही नाही. पाठ धरलीय जरा. तुम्ही वर जा.” आणि मी वर गेलो. वर जाणे त्या क्षणी आवश्यकच होते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. मात्र त्यानंतरच्या दोन दिवसांत मी त्यांना एकदाही पलंगावर झोपवून तपासले नाही, त्याला काहीही सबब नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला सांगितले की मामांची डावी चप्पल चालताना पायातून निसटते. तपासले तर डावा पाय सरळ ठेवून ३० अंशांपर्यंतही उचलवत नव्हता, आणि पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या विरोधात वर येत नव्हता. निदान सांगण्यासाठी एमआरआयची गरज नव्हती. चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधली चकती सरकून एल-५च्या मज्जामुळावर दाब आला होता. लघवीवरचा ताबा शाबूत होता, हे नशीब. जूनमध्ये एका मित्राने शस्त्रक्रिया केली. वेदना गेली, अंगठ्याची शक्ती मात्र पूर्ण परत आलेली नाही.

उपचारांचा खर्च अर्थातच मी केला. त्याचे समाधान वाटायला हवे होते. वाटत राहिला तो ओशाळेपणा. आमच्या जिन्याच्या पायथ्याशी, रुग्णांना बसण्याच्या बाकासमोर, एक रंगीत तक्ता लावलेला होता. पाठीतून न वाकता गुडघ्यांत वाकून वजन कसे उचलावे याची त्यात दोन चित्रे, एकावर फुली आणि एकावर बरोबरची खूण. तो तक्ता मीच लावला होता. मामा ६८ किलोंचा सिलिंडर घेऊन दिवसातून दहा वेळा त्याच्या समोरून जात होते.

ज्या विषयावर आपण रुग्णांना रोज बोलतो त्यातले आकडे मी त्यानंतर नीट वाचले. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, दोन्ही हातांत नीट धरलेले आणि कंबर न वळवता उचललेले असताना, शिफारस केलेली मर्यादा २३ किलोंची आहे. परिस्थिती जितकी बिघडेल तितकी ती खाली येते. जिन्यावरून वाहून नेण्यासाठी तर ते सूत्र लागूच होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३४व्या कलमात इजा होण्याइतके वजन कामगाराला उचलायला लावू नये असे स्पष्ट म्हटले होते. शुश्रूषागृह हा कारखाना नव्हे, असे म्हणून मला सुटता आले असते.

यामागचे यंत्रशास्त्र आपल्या सर्वांना पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रापासून ठाऊक आहे. पाठीचे उभे स्नायू चकतीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतात. हातातले वजन पुढे ४० सेंटिमीटरवर असेल तर स्नायूंना त्याच्या आठपट ओढावे लागते. दोघांत वाटून मामांच्या वाट्याला ३४ किलो आले असे धरले, तरी नुसत्या त्या वजनापायी स्नायूंचा ताण २७० किलोंच्या घरात जातो, आणि तो सगळा चकतीवर दाब म्हणून उतरतो. धडाचे स्वतःचे वजन त्याखेरीज. शिवाय जिन्यावर वाटणी समान नसते. कलता सिलिंडर खालच्या बाजूने धरला की त्याचा गुरुत्वमध्य खालच्या माणसाकडे सरकतो. खालची बाजू नेहमी मामांकडे असे, कारण मुलगा नवखा होता.

व्यवसायबंधू येथे विचारतील की सिलिंडर खालीच ठेवून तांब्याची नळी वर का नेली नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. खरे उत्तर तेच होते आणि २०२३ साली आम्ही तेच केले. परंतु २०२१मध्ये नळी टाकणाऱ्यांच्या मागे सारे शहर लागलेले होते, आणि आमच्याकडे तर भिंतीला भोक पाडण्यासाठीही सामायिक मालकांच्या सह्या हव्या होत्या. त्या जमविण्यात दीड वर्ष गेले. दरम्यान सप्टेंबरमध्ये मामा कामावर परतले. त्यांना मी दारातील नोंदवहीवर बसविले. चौथ्या दिवशी ते मला जिन्यात दिसले, सिलिंडरच्या वरच्या बाजूला. “आता वरची बाजू धरतो, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले. जणू तडजोड झाली होती.

जिना चढणाऱ्या विजेच्या ट्रॉल्या तयार मिळतात. मी एका कंपनीचे भावपत्रक मागविले आणि आकडा पाहून घडी करून ठेवून दिले. मकरपुरा जीआयडीसीत माझे एक रुग्ण आहेत, लेथ आणि वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप चालवितात. त्यांचे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये ते कलाभवन काढले नसते तर बडोद्यातल्या किती घरांत कानस आणि पक्कड यांच्याविषयी आदर राहिला असता, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या मिस्त्रींना मी चित्र काढून दाखविले. त्यांनी ते उलटे धरून पाहिले, मग सुलटे, आणि म्हणाले, “करून पाहू.”

पहिली ट्रॉली ही शुद्ध फजिती होती. ट्रकच्या काच पुसणाऱ्या वायपरची मोटार भंगारात स्वस्त मिळते आणि तिला गिअर आधीच जोडलेला असतो, म्हणून मी तीच घेतली. चेन लावून वेग तिपटीने कमी केला. वाळूची गोणी बांधून ट्रॉली पहिल्या पायरीला लावली आणि कळ दाबली. ट्रॉली अर्धी उठली, थांबली, थरथरली, आणि मोटारीतून जळक्या इनॅमलचा वास येऊ लागला. मिस्त्रींनी तार ओढली आणि शांतपणे विचारले, “साहेब, हिशेब केला होता?” केला नव्हता. नाडी न पाहता औषध दिले होते.

मग हिशेब केला. तो येथे देतो, कारण ज्यांना असे काही करायचे असेल त्यांचा एक महिना वाचेल.

जिना चढण्यासाठी एका चाकाऐवजी तीन चाकांचा तारा वापरतात. ही कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी दलदलीतून जाणाऱ्या वाहनासाठी तिचा उपयोग केला होता. सपाटीवर ताऱ्याची दोन चाके जमिनीला टेकतात आणि तिसरे वर असते. पायरी आली की अख्खा तारा फिरतो, वरचे चाक पुढच्या पायरीवर पडते आणि मागचे उचलले जाते. एक तृतीयांश फेऱ्याला एक पायरी. यासाठी दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर पायरीच्या तिरक्या मापाएवढे असले पाहिजे. आमची पायरी २० बाय २४, म्हणजे पायथागोरसच्या कृपेने तिरके माप ३१ सेंटिमीटर आणि थोडे वर. त्यावरून ताऱ्याच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतची भुजा १८ सेंटिमीटर निघते. पहिल्या ट्रॉलीत मी ती अंदाजाने १४ ठेवली होती. अर्थात मोटार सशक्त असती तरी तिसऱ्या-चौथ्या पायरीला चाक हवेतच राहिले असते.

सिलिंडर ६८ किलो आणि ट्रॉली ३२, मिळून १०० किलो. ते ३.६ मीटर वर न्यायला सुमारे ३,५०० ज्यूल काम लागते. विजेच्या एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे मामांची पाठ ज्या कामापायी गेली ते काम एका युनिटच्या हजाराव्या भागाचे होते. हा भागाकार मी दोनदा तपासला.

तथापि एकूण काम अल्प असले तरी एका क्षणी लागणारा पीळ मोठा असतो. भुजा आडवी होते तेव्हा १०० किलो १८ सेंटिमीटरवरून फिरवायचे असतात. एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला १८ किलो टांगले असता जो पीळ बसेल तेवढा हा होतो. वायपरची मोटार, तीही तिप्पट करून, याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. शेवटी २४ व्होल्ट आणि २५० वॉटची, मिनिटाला ३०० फेरे देणारी गिअरची मोटार ई-सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणली आणि तिच्यापुढे ४० पटीने वेग कमी करणारी वर्म गिअरपेटी बसविली. ही पेटी मिस्त्रींना एका मोडीत निघालेल्या कन्व्हेअरवर मिळाली. तारा मिनिटाला साडेसात फेरे फिरू लागला. एका पायरीला पावणेतीन सेकंद. वीज द्यायला यूपीएसमध्ये असतात तशा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या.

वर्म गिअरचा एक गुण आपल्या कामाचा आहे. स्क्रूसारखा दांडा दातेरी चाकाला फिरवू शकतो, पण चाक त्या दांड्याला सहसा उलटे फिरवू शकत नाही. मधेच वीज गेली तरी भार तेथेच थांबतो. यासाठी किंमत मोजावी लागते. जवळजवळ निम्मी शक्ती घर्षणात जाते. आम्ही ती आनंदाने मोजली. पण ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. धक्के बसत राहिले तर वर्म हळूहळू घसरू शकतो. म्हणून मिस्त्रींनी ताऱ्याच्या आसावर सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसा एक खटका बसविला. कारागीर त्याला ‘कुत्ता’ म्हणतात. चढताना तो टक् टक् करीत दात्यांवर पडतो आणि मागे फिरू देत नाही.

एवढे झाल्यावर मला वाटले की भार आता सुरक्षित आहे. ते खोटे ठरले.

२०२२च्या उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग चढले होते. आम्ही वाळूच्या गोण्या बांधून ट्रॉली चढविली. अठराच्या अठरा पायऱ्या, एकदाही न अडखळता. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरविला. मग उतरवायला घेतली. सहाव्या पायरीवर मी कळ सोडली आणि घाम पुसायला एक हात मुठीवरून काढला. मोटार थांबली. वर्मने तारा घट्ट धरून ठेवला. आणि ट्रॉली शांतपणे पुढे सरकून पायरीवरून खाली गेली. तारा धरलेला होता, पण ताऱ्याची चाके स्वतःच्या बेअरिंगवर मोकळी होती, ही साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. मूठ माझ्या हातातून हिसकली गेली, ट्रॉली चार पायऱ्या आदळत वळणावर जाऊन पडली, गोणी फुटली. एका पायरीच्या दगडाचा कोपरा उडाला, तो आजही तसाच आहे. खाली कोणी नव्हते. ही माझी दक्षता नव्हती. मामा त्या वेळी चहा आणायला गेले होते. एरवी ते खालीच उभे राहिले असते, हात पुढे करून, सवयीप्रमाणे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गोणीच्या जागी १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचा सिलिंडर असता तर, हा विचार मी पुढे नेऊ शकलो नाही. एका माणसाची पाठ वाचविण्यासाठी केलेल्या वस्तूने त्याचा जीव घेतला असता. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना फोन करून सांगितले की हे येथेच सोडू. ते म्हणाले, “साहेब, दोन दिवस द्या.”

त्यांनी केलेला उपाय मला आजही सुंदर वाटतो. प्रत्येक चाकावर एक लहान दातेरी चक्र, ताऱ्याच्या मध्यावर तितक्याच दात्यांची तीन चक्रे, आणि चाकापासून मध्यापर्यंत एकेक आखूड चेन. दोन्ही तारे मिळून सहा. मधली चक्रे एका ड्रमला जोडलेली आणि ड्रमवर पट्ट्याचा ब्रेक. दाते समान असल्याने, ब्रेक लागलेला असताना तारा कितीही फिरला तरी चाक स्वतःभोवती फिरत नाही. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात पाळणा वर-खाली जातो पण त्यात बसलेले मूल उलटे होत नाही, तसे. चाक पायरीवर जेथे ठेवले तेथेच राहते. ब्रेक स्प्रिंगने सदैव लागलेला असतो. मुठीवरची तरफ दाबून धरली तरच तो सुटतो, आणि ती फक्त वळणावर आणि सपाटीवर दाबायची. हात सुटला, माणूस घसरला, घाबरला, तरी ट्रॉली थांबते.

नियम त्यानंतर ठरले. ट्रॉली चढवताना आणि उतरवताना चालविणारा वरच्या बाजूला. खालच्या बाजूला कोणीही नाही, कौतुकानेसुद्धा नाही. सिलिंडर दोन पट्ट्यांनी बांधलेला, झडप बंद, रेग्युलेटर काढलेला, झडपेवर टोपी. तेल आणि ऑक्सिजन यांचे वैर आपल्याला ठाऊक आहे. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंबही पेट घेऊ शकतो. म्हणून गिअर, चेन आणि मोटार सगळी तळाशी, पत्र्याच्या झाकणात, झडपेपासून सव्वा मीटर दूर. चेनला हात लावणाऱ्याने सिलिंडरला हात लावायचा नाही. बॅटऱ्या कक्षात नव्हे तर मागच्या ओसरीत चार्ज करायच्या. आणखी तीन आठवडे आम्ही फक्त वाळू चढविली आणि उतरविली. एकदा उतरताना मुद्दाम मूठ सोडून पाहिली. ट्रॉली जागची हलली नाही. मिस्त्री तोवर श्वास रोखून होते.

फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस पहिला खरा सिलिंडर वर गेला. वळणासकट सव्वा मिनिट लागले. मुठीला स्प्रिंगचा काटा लावून मी ओढ मोजली. तोल सांभाळण्यापुरती ६-७ किलोंची. मामा वर पोहोचले आणि त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिले. “आवाज करते फार,” एवढेच म्हणाले. रात्री रुग्ण जागे होतात, हे त्यांचे म्हणणे खरे होते. मग चढताना ‘कुत्त्या’खाली रबराचा तुकडा लावला.

ट्रॉलीची कीर्ती गल्लीत पसरली आणि तिच्याबरोबर दोन प्रश्न आले. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्याची इकडे पद्धत आहे. शेजारच्या घरमालकांनी दुसऱ्या मजल्यावर गोण्या चढवायला ट्रॉली मागितली. मी दिली. संध्याकाळी त्यांचा नेहमीचा हमाल माझ्या दारात उभा राहिला. त्याने रागाने काही म्हटले नाही. “साहेब, यंत्राला मजुरी द्याल की मला?” एवढेच विचारले. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेजाऱ्यांशी बोलून असे ठरले की ट्रॉली तोच चालवील आणि गोणीमागचा त्याचा दर तोच राहील. तो दोन दिवसांत मामांपेक्षा सफाईने चालवू लागला. पण दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मालकाने हे मान्य केले असते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या, मांडीचे हाड मोडलेल्या. त्यांच्या मुलाने विचारले, खुर्ची बांधून त्यांना या ट्रॉलीवरून खाली नेता येईल का? मी नाही म्हणालो. त्यांना ते निष्ठुर वाटले असावे. सिलिंडर जागचा हलत नाही. माणूस घाबरतो, झुकतो, आधारासाठी कठडा पकडतो, आणि गुरुत्वमध्य सरकतो. जिना चढणारी ‘आयबॉट’ ही खुर्ची अमेरिकेत २००३ साली मान्य झाली, ती तोल सांभाळणारी जायरोस्कोपची यंत्रणा घेऊन आणि चाचण्यांच्या डोंगरावरून. मिस्त्रींचे आणि माझे काम वाळूवर तपासलेले आहे. आजींना आम्ही मांडीला पट्ट्या बांधून, स्ट्रेचरवरून, सहा जणांनी उतरविले. त्यात मीही होतो आणि दोन दिवस माझीही पाठ दुखत होती.

२०२३मध्ये सह्या जमल्या आणि तांब्याची नळी वर गेली. आता मोठे सिलिंडर तळमजल्यावरच्या मॅनिफोल्डला जोडलेले असतात आणि जिन्यावरून जात नाहीत. ट्रॉली आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. इन्व्हर्टरची बॅटरी, सलाइनची खोकी, एकदा औषधांचे रेफ्रिजरेटर. बॅटऱ्या गेल्या वर्षी बदलल्या. एकंदर खर्च साडेसतरा हजार आला, पहिल्या फजितीसकट. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, आणि मी त्यांचा रक्तदाब तपासण्याचे घेत नाही. तक्ता मात्र मी जिन्याच्या पायथ्यावरून काढला आणि आत माझ्या टेबलासमोर लावला आहे.

आपल्यापैकी अनेकांची शुश्रूषागृहे जुन्या इमारतींत, अरुंद जिन्यांवर आहेत, हे मला ठाऊक आहे. ज्यांना आराखडा हवा असेल त्यांना तो देण्यात मला आनंद आहे. मिस्त्रीही नाही म्हणणार नाहीत. येताना मात्र आपल्या जिन्याचे माप घेऊन यावे, आणि एका पायरीचे नव्हे, सगळ्यांचे. आमची अकरावी पायरी इतरांपेक्षा दीड सेंटिमीटर उंच निघाली. तेथे ट्रॉली अजूनही क्षणभर कुरकुरते, आणि मामा तेथे पोहोचण्याच्या थोडे आधीच तिच्या वतीने ‘हं’ म्हणतात.